नवी मेमरी कोणत्या प्रोसेसरची?

ऑक्टोबर छाटणी उरकली की पिंपळगाव बसवंत परिसरातल्या द्राक्ष बागायतदाराचे लक्ष हवामानाच्या अंदाजाकडे लागते. फुलोऱ्यात पाऊस आला तर घडकूज आणि डाऊनी, पुढे निफाडचा पारा घसरला तर मण्यांची फुगवण थांबते. त्याच्या मोबाइलवर येणाऱ्या अंदाजामागच्या गणिताचा मोठा भाग पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत होतो. तिथे २०१८ साली ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेच्या ‘अर्का’चे उद्घाटन झाले आणि २६ मे २०२५ रोजी ६ किलोमीटरच्या जाळीवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. आधीची जाळी १२ किलोमीटरची होती. जाळी दोन्ही दिशांनी निम्मी झाली की बिंदू चौपट होतात आणि प्रत्येक बिंदूची माहिती मेमरीतून प्रोसेसरपर्यंत आणावी लागते.

हवामानासारख्या गणितात प्रोसेसरचा बराच वेळ मेमरीची वाट पाहण्यात जातो. त्यामुळे कोणती मेमरी कोणत्या प्रोसेसरच्या जवळ आहे, हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, नीट ठाऊक असावे लागते. मशीन सुरू होतानाच सगळी मेमरी बसवलेली असेल, तर हे काम तुलनेने सोपे असते. अवघड प्रसंग येतो तो चालू मशीनमध्ये नवी मेमरी दाखल होते तेव्हा. ती कोणत्या प्रोसेसरच्या खात्यावर मांडायची? गेल्या पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या कर्नलांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, त्यांचा हा आढावा.

पत्ता एक, अंतरे अनेक

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली तयार केलेल्या ‘परम ८०००’मध्ये हा प्रश्न उद्भवतच नव्हता. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाची मेमरी त्याची स्वतःची होती. शेजाऱ्याकडची माहिती हवी असेल तर संदेश पाठवून मागवावी लागे. दुसऱ्याच्या मेमरीला थेट हात घालण्याची सोयच नसल्याने कोणती मेमरी कोणाची याबद्दल शंका नव्हती.

सामायिक मेमरीच्या यंत्रांत चित्र वेगळे असते. ‘प्रत्युष’च्या बहुतेक गणनपेट्यांत इंटेलचे १८ गाभ्यांचे दोन-दोन प्रोसेसर आहेत. दोघांना सगळी मेमरी दिसते, पत्त्यांची रांगही एकच असते; पण निम्मी मेमरी एका प्रोसेसरला थेट जोडलेली असते आणि निम्मी दुसऱ्याला. आपल्याकडची मेमरी साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या आत मिळते, पलीकडची मिळायला त्याच्या दीडपट वेळ लागू शकतो. शिवाय दोन प्रोसेसरांमधल्या दुव्यावर गर्दी झाली की वेळ आणखी वाढतो. या रचनेला नूमा म्हणतात, आणि प्रोसेसर व त्याला जोडलेली मेमरी मिळून जो गट होतो त्याला नोड. महासंगणकाच्या एका पेटीलाही नोड म्हणण्याची पद्धत आहे. या लेखात मात्र नोड म्हणजे एकाच यंत्रातला असा गट.

पिंपळगावच्या बाजार समितीच्या आवाराचे उदाहरण घेऊ. टोमॅटोच्या हंगामात दोन शेडमध्ये दोन टोळ्या काम करत असतील, तर ज्या टोळीने गाडी भरायची तिच्याच शेडमध्ये क्रेट उतरवलेले बरे. दुसऱ्या शेडमध्ये उतरवले तरी काम होते, पण प्रत्येक क्रेटमागे आवार ओलांडावे लागते. कर्नलही हाच हिशेब करतो. प्रोसेसरचा जो गाभा मेमरीच्या एखाद्या पानाला, म्हणजे तिच्या छोट्या ठरावीक तुकड्याला, पहिल्यांदा हात लावतो, त्याच्या नोडवरचेच पान लिनक्स शक्यतो देतो. हा हिशेब बरोबर येण्यासाठी कोणते पान कोणत्या नोडवर आहे ही नोंद खरी असायला हवी.

नूमा रचना १९९६ च्या सुमारास सिलिकॉन ग्राफिक्सच्या ‘ओरिजिन २०००’सारख्या महागड्या यंत्रांपुरती होती. २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉनमध्ये आणि २००८ मध्ये इंटेलने नेहेलम पिढीत मेमरीचा नियंत्रक प्रोसेसरच्याच आत घेतला. तेव्हापासून दोन प्रोसेसरांचा कोणताही साधा सर्व्हर नूमा झाला.

मेमरी चालू यंत्रात येते कशी

चालू यंत्रात मेमरी येण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली प्रत्यक्ष हार्डवेअरची. सनचा ‘एंटरप्राइज १००००’ हा १९९७ चा सर्व्हर किंवा फुजित्सुचा २००५ चा ‘प्राइमक्वेस्ट’ अशा यंत्रांत, यंत्र बंद न करता प्रोसेसर आणि मेमरीचे अख्खे बोर्ड कामात घेता येत किंवा काढता येत. बँका आणि दूरसंचार कंपन्यांना बंदचा एक तासही परवडत नसे, त्यांच्यासाठी ही सोय होती. लिनक्समधली मेमरी हॉटप्लगची, म्हणजे चालू यंत्रात मेमरी घालण्या-काढण्याची, सुरुवातीची बरीच मेहनत फुजित्सुच्या अभियंत्यांनी घेतली, त्याचे कारण हेच.

दुसरी वाट आभासी यंत्रांची, आणि आज सर्वाधिक वर्दळ याच वाटेवर आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाऊड केंद्रे उघडली. अशा केंद्रांत एका खऱ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे नांदतात. हायपरवायझरच्या, म्हणजे ही यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, जोरावर चालू आभासी यंत्राची मेमरी वाढवता येते आणि परतही घेता येते. इथे स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, एक आज्ञा पुरते.

तिसरी वाट सीएक्सएल नावाच्या दुव्याची. त्याची पहिली आवृत्ती २०१९ मध्ये आली. या दुव्यावर मेमरी एखाद्या कार्डासारखी बाहेरून जोडता येते आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये अनेक यंत्रांत वाटूनही घेता येते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.

‘अर्का’सारख्या महासंगणकात मेमरी सुरुवातीला बसते ती तशीच राहते. हॉटप्लगचा प्रश्न सर्व्हर आणि क्लाऊडचा आहे. पण हवामानापासून बँकेपर्यंतची बरीच सेवा आता क्लाऊडवर चालते, त्यामुळे तो सगळ्यांपर्यंत पोहोचला आहे.

सुरुवातीचा नकाशा

प्रोसेसरला स्वतःहून मेमरीचा नकाशा काढता येत नाही. पत्त्यावरून जवळ-लांब कळत नाही. वेळ मोजून अंदाज बांधता येईल, पण गर्दी, कॅशे आणि हायपरवायझर या तिघांमुळे ते मोजमाप भरवशाचे राहत नाही. म्हणून कर्नलला सांगणारा कोणीतरी लागतो, आणि तो म्हणजे फर्मवेअर, यंत्रातच बसवलेले पायाभूत सॉफ्टवेअर.

इंटेल-एएमडी घराण्यातल्या आणि बऱ्याच आर्म सर्व्हरमध्ये फर्मवेअर हे काम एसीपीआय या मानकाच्या तक्त्यांतून करते. मुख्य तक्ता स्रॅट. त्यात प्रत्येक प्रोसेसर आणि पत्त्यांचा प्रत्येक पट्टा कोणत्या ‘सामीप्य क्षेत्रा’त आहे ते लिहिलेले असते. पट्ट्याच्या नोंदीत एक खूणही करता येते: हा भाग पुढे हॉटप्लगने भरला किंवा रिकामा केला जाऊ शकतो. दुसरा तक्ता स्लिट, म्हणजे अंतरांचे कोष्टक. त्यात स्वतःपासूनचे अंतर नेहमी १० धरतात. शेजारचा नोड २० किंवा २१, आणि २५५ म्हणजे पोहोचताच येत नाही. २०१७ च्या एसीपीआय ६.२ मध्ये एचमॅट आला आणि अंतराच्या एका आकड्याऐवजी प्रत्यक्ष विलंब आणि वहनक्षमता लिहिण्याची सोय झाली.

कर्नल हे तक्ते सुरू होताना एकदाच वाचतो. क्षेत्रांचे क्रमांक सलग असतातच असे नाही, म्हणून लिनक्स प्रत्येक क्षेत्राला ते पहिल्यांदा दिसेल त्या क्रमाने आपला नोड क्रमांक देतो. फर्मवेअरचे क्षेत्र ४ लिनक्समध्ये नोड १ होऊ शकते. नोंदी तपासणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवला पाहिजे, नाहीतर योग्य जुळणीही चुकीची वाटते.

आणखी एक बंधन इथेच ठरते. किती नोड असू शकतात याची यादी सुरुवातीलाच गोठते, कारण प्रत्येक नोडमागे कर्नलच्या आत बरीच मांडामांड असते. पूर्वी सुरू झाल्यानंतर प्रकट होणाऱ्या नोडची मांडणी आयत्या वेळी केली जाई, आणि मधल्या काळात कोणी त्या नोडला हात लावला तर कर्नल कोसळे. २०२२ मधल्या लिनक्स ५.१८ मध्ये शक्य असलेल्या सर्व नोडांची मांडणी आधीच करून ठेवण्याचा बदल आला. थोडी मेमरी खर्ची पडते, पण दोषाचा एक अख्खा प्रकार संपतो. हा सौदा योग्यच आहे.

आल्यावर विचारायचे कोणाला

आता मूळ प्रसंग. एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडी घराण्यातल्या, यंत्रात मेमरीचा नवा तुकडा आला. फर्मवेअर कर्नलला खबर देते. कर्नलचा एसीपीआय मेमरी चालक त्या उपकरणाला आधी पत्त्यांचा पट्टा विचारतो, मग क्षेत्र. क्षेत्र सांगणाऱ्या पद्धतीचे नाव पीएक्सएम. मेमरीच्या उपकरणाकडे ही पद्धत नसेल, तर लिनक्स त्याच्या वरच्या उपकरणाला विचारतो, त्याच्याकडे नसेल तर त्याच्याही वरच्याला. बोर्डाने उत्तर दिले की बोर्डावरच्या सगळ्या तुकड्यांना तेच लागू होते. ही रचना शहाणपणाची आहे, कारण हार्डवेअरही तसेच बांधलेले असते.

कोणीच उत्तर दिले नाही तर? मग कर्नल पत्त्यावरून सुरुवातीच्या नोंदी चाळतो. इथे लिनक्समध्ये बराच काळ एक उणीव होती. सुरू होताना प्रत्यक्ष असलेल्या मेमरीच्या पलीकडच्या पट्ट्यांच्या नोंदी छाटून टाकल्या जात. म्हणजे फर्मवेअरने ‘पुढे इथे मेमरी येईल, ती अमुक क्षेत्राची’ असे आगाऊ सांगितले असले, तरी ती मेमरी येईपर्यंत कर्नल ते विसरलेला असे. २०२० मध्ये अशा नोंदी राखून ठेवण्याची आणि पुढे येणाऱ्या पट्ट्याचा नोड त्यांतून शोधण्याची सोय एक्स८६ मध्ये आली.

नोंदीतही पत्ता सापडला नाही, तर उरतो तो अंदाज. एक्स८६ वरची जुनी शोधपद्धत अशा वेळी यादीतल्या पहिल्या नोंदीचा नोड देते, आणि तो बहुधा नोड शून्य असतो. कर्नलमधली सर्वसाधारण आवृत्ती थेट नोड शून्य गृहीत धरते आणि तशी एक ओळ लॉगमध्ये टाकते, तीही फक्त एकदा. त्यानंतर कितीही तुकडे असेच आले तरी नवी ओळ उमटत नाही.

या टप्प्यावर थांबून विचार करायला हवा. मेमरी चुकीच्या नोडवर मांडली गेली तर यंत्र बंद पडत नाही, आकडेमोड चुकत नाही. प्रोग्रॅम चालतो, फक्त हळू. कोणता प्रोग्रॅम कोणत्या गाभ्यावर चालवायचा हे ठरवणारा शेड्युलर प्रोग्रॅमला त्याच्या मेमरीजवळ न्यायला जातो आणि प्रत्यक्षात लांब नेतो. नोड शून्यवर जागा आहे असे समजून कर्नल वाटप करत राहतो आणि दुव्यावर गर्दी वाढते. चालवणाऱ्याला ही मंदी दिसते, तिचे कारण दिसत नाही, कारण ज्या नोंदीवरून तो कारण शोधणार तीच खोटी असते. मोठ्याने कोसळणारा दोष एका रात्रीत सापडतो; असा मुका दोष वर्षभर राहतो.

उत्तर मिळूनही घोटाळा होऊ शकतो. एखाद्या उपकरणाने स्रॅटमध्ये नसलेलेच क्षेत्र सांगितले, तर लिनक्स पूर्वी त्या क्रमांकासाठी नवा नोड अर्धवट निर्माण करत असे, आणि अर्धवट नोडवर वाटप मागितले की कोसळत असे. २०२० च्या अखेरीस आलेल्या ५.१० आवृत्तीत नियम पक्का झाला: नवे क्षेत्र जाहीर करण्याचा मान प्राधान्याने स्रॅटचा, इतरांनी फक्त आधी जाहीर झालेल्या क्षेत्राकडे बोट दाखवायचे.

पॉवर घराण्याची पद्धत

आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर एसीपीआय नसते, तिथे उपकरण-वृक्ष असतो. मेमरी ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते. मोठ्या यंत्रांत तुकडा सहसा २५६ मेगाबाइटचा. प्रत्येक तुकड्याच्या नोंदीत पत्ता, ओळखक्रमांक आणि संलग्नतेच्या कोष्टकातला एक अनुक्रमांक असतो. कोष्टकाच्या त्या ओळीत तुकडा कोणत्या चिपवर, कोणत्या मॉड्यूलवर, कोणत्या पेटीत आहे याची पायरीपायरीने माहिती असते, आणि त्यातली कोणती पायरी नोड मानायची हेही प्लॅटफॉर्मच सांगतो.

या पद्धतीची खरी ताकद हॉटप्लगच्या क्षणी दिसते. तुकडा कामात घेताना कर्नल जुन्या नोंदीवर विसंबत नाही. प्लॅटफॉर्मला त्या तुकड्याची ताजी संलग्नता विचारतो आणि नोंद सुधारून मगच तो तुकडा नोडवर चढवतो. कारण पॉवरवर आभासी यंत्र चालू अवस्थेत दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते, आणि हलवल्यावर जुना नकाशा निरर्थक होतो. २०२१ च्या लिनक्स ५.१५ पासून संलग्नतेचे नवे रूप वापरता येते, ज्यात पायऱ्यांवरून अंतराचा तर्क करण्याऐवजी अंतरांचे कोष्टक सरळ मिळते.

तरीही शेवटची पळवाट इथेही आहे. मिळालेला नोड अशक्य असेल, तर पॉवरचा कर्नल चालू असलेल्यांपैकी पहिला नोड धरतो. मानके दोन, यंत्रे निराळी, पण माहिती नसताना दोन्हींकडचा कर्नल रांगेतल्या पहिल्याकडेच वळतो.

सोलारिस आणि विंडोज

सोलारिसने २००२ च्या नवव्या आवृत्तीत ‘स्थानिकता गट’ आणले आणि बोर्ड आत-बाहेर झाला की गटांची पुनर्मांडणी केली. त्याहून मोलाचा धडा त्याच्या ‘पिंजरा’ पद्धतीचा आहे. कर्नलची स्वतःची पाने हलवता येत नाहीत, म्हणून ती ठरावीक बोर्डांवरच कोंडून ठेवायची. बाकीचे बोर्ड मग केव्हाही मोकळे करता येतात.

लिनक्सने हाच विचार हलत्या मेमरीच्या क्षेत्रातून आणि ‘मूव्हेबल नोड’ या पर्यायातून मांडला. स्रॅटमधली हॉटप्लगची खूण तिथे कामी येते: ज्या पट्ट्यावर खूण आहे तिथे कर्नल आपली पाने ठेवत नाही. म्हणजे नोडची जुळणी फक्त वेगासाठी नसते. मेमरी परत काढता येईल की नाही हेही तिच्यावर ठरते. पण अति सावधपणाही घातक ठरतो. सगळी नवी मेमरी हलती म्हणून मांडली, तर कर्नलला स्वतःसाठी जागा उरत नाही. दर ४ किलोबाइटच्या पानामागे कर्नल ६४ बाइटची नोंद ठेवतो, म्हणजे १ टेराबाइटमागे १६ गिगाबाइट. या नोंदी जुन्या नोडवर साठत गेल्या की नवी मेमरी भरपूर असूनही यंत्र अडते. म्हणून २०२१ मध्ये या नोंदी नव्या मेमरीतच ठेवण्याची आणि हलत्या-अहलत्या मेमरीचे प्रमाण सांभाळण्याची सोय लिनक्समध्ये आली.

विंडोजचा बाणा वेगळा. स्रॅटमध्ये हॉटप्लगचा पट्टा आधी जाहीर केलेला असला पाहिजे, ही त्याची अट आहे. आगाऊ घोषणा नाही तर नवी मेमरी नाही. ही कडक शिस्त आभासी यंत्रे बनवणाऱ्यांना चांगलीच जाणवली.

आभासी यंत्रात दोन उत्तरे

क्यूएमू हे मुक्त सॉफ्टवेअर आभासी यंत्राचे हार्डवेअर आणि फर्मवेअरचे तक्ते दोन्ही तयार करते. पुढे कोणत्या नोडवर मेमरी चढवली जाईल हे त्याला सुरुवातीला माहीत नसते. पण विंडोजची अट पाळायची असते, म्हणून ते स्रॅटमध्ये हॉटप्लगच्या संपूर्ण पट्ट्याची एक नोंद टाकते आणि तिचे क्षेत्र सर्वांत शेवटच्या नोडचे लिहिते. मग प्रत्यक्षात तुम्ही नोड शून्यवर मेमरीचा तुकडा चढवला, तर तो तुकडा पीएक्सएममधून सांगतो: माझे क्षेत्र शून्य. एकाच पत्त्याबद्दल आता दोन उत्तरे झाली. तक्ता म्हणतो शेवटचा नोड, उपकरण म्हणते पहिला. खरे उपकरणाचे.

या उदाहरणातून विश्वासाची उतरंड स्पष्ट होते. येताना उपकरणाने दिलेले उत्तर पहिले. ते नसेल तर सुरुवातीचा तक्ता. तोही गप्प असेल तर अंदाज. ही उतरंड उलटी केली तर आभासी यंत्रांत नोंदी चुकतील.

२०२० च्या लिनक्स ५.८ मध्ये आलेला, आभासी यंत्रांसाठीचा व्हर्टिओ-मेम चालक याच दिशेने पुढे गेला. त्यात एका नोडसाठी एक उपकरण असते, नोडचा क्रमांक उपकरणाच्या माहितीतच लिहिलेला असतो, आणि मेमरी लहान-लहान तुकड्यांत वाढते-घटते. हायपर-व्ही या हायपरवायझरच्या चालकाने मात्र पत्त्यावरून नोड शोधण्याची वाट धरली, त्यामुळे तिथे सुरुवातीचा नकाशा बरोबर असणे अधिकच निकडीचे ठरते.

प्रोसेसर नसलेला नोड

आतापर्यंत नोड म्हणजे प्रोसेसर आणि त्याची मेमरी असे धरले. इंटेलच्या ऑप्टेनसारख्या टिकाऊ, म्हणजे वीज गेली तरी माहिती न विसरणाऱ्या, मेमरीने हे गृहीतक मोडले. समजा ती पहिल्या प्रोसेसरच्या शेजारी बसली, तरी ती साध्या डीरॅमपेक्षा बरीच हळू. तिला नोड शून्यवर मांडले तर जलद आणि हळू पाने एकत्र होतात आणि कोणाला काय मिळेल ते नशिबावर जाते. म्हणून २०१९ च्या लिनक्स ५.१ पासून तिला स्वतःचा, प्रोसेसर नसलेला नोड देता येऊ लागला. तेव्हापासून लिनक्स अशा उपकरणाबाबत दोन प्रश्न वेगळे विचारतो: तुझ्याजवळचा प्रोसेसर कोणता, आणि तुझी मेमरी कामात आली की तिचा नोड कोणता.

अशी मेमरी कामात घेणाऱ्या चालकाची एक गोष्ट मला सगळ्या आढाव्यात मोलाची वाटते. नोड सांगता येत नसेल तर तो मेमरी घेण्यास नकार देतो आणि तशी स्पष्ट नोंद करतो. हळू मेमरी जलद मेमरीत मिसळण्याचा धोका पत्करण्यापेक्षा ती न घेतलेली बरी, असा त्यामागचा विचार आहे. एसीपीआयचा चालक अंदाज करतो, हा चालक नाकारतो. एकाच कर्नलमध्ये दोन नीती नांदत आहेत.

इंटेलने जुलै २०२२ मध्ये ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळण्याचे जाहीर केले, पण तिच्यासाठी झालेले काम वाया गेले नाही. ते सीएक्सएलला जसेच्या तसे उपयोगी पडले. सीएक्सएल मेमरी सुरुवातीला हजर नसू शकते, त्यामुळे स्रॅटमध्ये तिची नोंद असेलच असे नाही. पण भविष्यातल्या मेमरीसाठी राखलेल्या पत्त्यांच्या खिडक्या फर्मवेअर वेगळ्या तक्त्यात लिहिते. लिनक्स ५.१६ पासून, स्रॅटमध्ये न आलेल्या अशा प्रत्येक खिडकीला कर्नल स्वतःच एक नोड राखून ठेवतो. ही स्रॅटच्या एकाधिकाराला दिलेली एक विचारपूर्वक सूट आहे. उपकरण आल्यावर ते स्वतःचा विलंब आणि वहनक्षमता सांगते, आणि २०२२ च्या ६.१ पासून कर्नल नोडांची वेगानुसार पायऱ्यांत वर्गवारी करतो.

इथे एक अपुरेपण आहे. खिडकी एक आणि तिच्यात दोन वेगवेगळ्या वेगांची उपकरणे आली, तर दोन्ही एकाच नोडमध्ये जातात. मेमरी अनेक यंत्रांत वाटली जाऊ लागेल तसा हा प्रश्न वाढेल.

प्रयोग करून पाहण्यासारखे

हे सगळे समजून घ्यायला महागडा सर्व्हर लागत नाही. संगणकशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला, मग तो पुण्यात असो वा निफाड तालुक्यात, साध्या लॅपटॉपवर क्यूएमूमध्ये दोन नोडांचे आभासी यंत्र उभे करता येते. सुरू करतानाच कमाल मेमरी आणि रिकामे स्लॉट सांगायचे, मग चालू यंत्रात आधी नोड शून्यवर आणि नंतर नोड एकवर एकेक तुकडा चढवायचा. आत लिनक्समध्ये ‘एलएसमेम’ आणि ‘नूमासीटीएल’ या आज्ञांनी मेमरी किती वाढली आणि कोणत्या नोडची वाढली ते दिसते. मेमरीचे गट ‘सिस’ फाइलरचनेत नोडनुसार मांडलेले असतात, तेही उघडून पाहता येतात. त्यानंतर एसीपीआय मेमरी चालक आणि एक्स८६ चा नूमा कोड वाचायला घ्यावा. तो सगळ्यांना खुला आहे, आणि वर सांगितलेली उतरंड त्यात ओळीओळीने सापडते.

निवाडा

पंचवीस वर्षांच्या या वाटचालीतून माझा निष्कर्ष असा. मेमरी कोणत्या प्रोसेसरची हे कर्नलला स्वतःहून कळू शकत नाही. ते सांगण्याची जबाबदारी फर्मवेअर आणि हायपरवायझरची आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक तुकड्यासोबत ताजे उत्तर देणारी पद्धत सर्वांत भरवशाची. पॉवर घराणे, व्हर्टिओ-मेम आणि सीएक्सएल तिन्ही याच दिशेने गेले आहेत. कर्नलची जबाबदारी ही की उत्तर मिळाले नाही तर ते लपवू नये. जिथे मेमरीचा वेग वेगळा असू शकतो तिथे नकार द्यावा. जिथे अंदाज करणे भागच आहे तिथे प्रत्येक तुकड्यामागे ठळक नोंद करावी. एकदाच उमटून विरून जाणारी ओळ पुरेशी नाही.

आणि यंत्र चालवणाऱ्यांना एक विनंती. चालू सर्व्हरची किंवा आभासी यंत्राची मेमरी वाढवल्यावर एकूण आकडा बरोबर आला म्हणून काम संपले असे समजू नका. वाढलेली मेमरी कोणत्या नोडवर दिसते ते पाहा, ती ज्या नोडवर चढवली त्याच्याशी ताडून पाहा, आणि जुळत नसेल तर फर्मवेअर किंवा हायपरवायझर पुरवणाऱ्याकडे लेखी तक्रार करा.